भिंतीत जाणारा पलंग

आमच्या पुढच्या खोलीतला पलंग भिंतीत जायचा. आता जात नाही. का जात नाही हे सांगायचं, तर तो जात होता तेव्हा मी किती फुगलेलो असायचो, तेही सांगावं लागेल.

घर केजातलं, दोन खोल्यांचं. पुढची खोली दहा बाय अकरा, मागचं स्वयंपाकघर आठ बाय नऊ, त्यामागं न्हाणी आणि संडास. राहणारे तिघं: मी, बायको आणि चौथीतली मुलगी. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात कारकून आहे. आमच्या वस्तीवरचा पहिला पदवीधर मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, दवाखान्याच्या रांगेत सांगतो. बी.एस्सी. झालो, सायकलवर जाऊन-येऊन झालो. त्याचा मला अभिमान आहे आणि तो राहील.

जे सांगत नव्हतो ते वेगळं होतं. आई-वडील काय करायचे असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, शेती. दीड एकर कोरडवाहू आहे आमचं, म्हणजे खोटं नव्हतं. पण त्या दीड एकरात ती दोघं पावसाळ्यापुरतीच असायची. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जायची, ते उन्हाळा लागल्यावर परत. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचो, पुढं वसतिगृहात राहिलो. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

घर घेतलं, त्यात सामान भरलं आणि माणसांना चालायला जागा उरली नाही. कपाट, शिलाई मशीन, दिवाण, फ्रिज, मुलीची सायकल. रोज सकाळी निघताना नडगीला काहीतरी लागायचं. बायको म्हणायची, "घर घेतलं का गोडाऊन?" मग मी मोबाईलवर बघायला लागलो. कुठल्या कुठल्या देशांतली लोकं एवढ्याशा खोलीत कशी राहतात ते. जिन्याच्या पायरीत कप्पा, भिंतीला चिकटून बसणारं टेबल, एकात एक जाणारी स्टुलं, भिंतीत गडप होणारा पलंग. मला नादच लागला. आलेखाचे कागद आणून मी खोली काढली, एक चौकोन म्हणजे सहा इंच. रंगीत कागदाचे तुकडे कापायचे, हे कपाट, हे मशीन, आणि सरकवून बघायचं. मुलगी शेजारी बसून तिच्या बाहुलीच्या पाळण्यासाठी एक तुकडा कापायची आणि मधेच आणून ठेवायची. तो मी उचलून बाजूला ठेवायचो.

त्याच महिन्यात मायला केजला आणलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. ती वस्तीवर घरकुलाच्या एका खोलीत एकटी राहायची. कंबर पार गेली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, मणके झिजलेत. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही, आणि रोज दुपारी दोन तास कडक अंथरुणावर उताणं पडायचं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर मी म्हणालो, "माय, आता तिकडं जायचं न्हाई. इथंच राहायचं."

"कोंबड्या हायेत."

"कोंबड्या दे की शेजारणीला."

तिनं दिल्या. एक पिशवी आणि एक गोधडी घेऊन ती आली. कोंबड्या देऊन आली, म्हणजे ती राहायला आली होती. यात मला तेव्हाही शंका नव्हती.

सुतार मूळचा सिरसाळ्याचा, केजात दुकान टाकून बसलेला. मी त्याला कागद दाखवले तेव्हा त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, "सर, असलं काम मी केलं न्हाई. पर बघू. मोडलं तर मोडलं, तुमचंच हाय." पंधरा दिवस तो घरात होता. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसायची आणि त्याच्याकडं बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं तोंड उघडलं.

"फ्रीज अन भितीच्या मधी वीतभर जागा हाय. ती कावून सोडली?"

सुतार म्हणाला, "वीतभर जागेत काय बसतंय, मावशी?"

"उभं बसव की. फळ्या-फळ्याचं, शिडीवानी. डबे बसतील, तेलाची बाटली बसंल. आन सारखं खाली बघतूस, वर बघ. वर लई जागा हाय."

सुतारानं वर बघितलं. त्या वीतभर फटीत त्यानं चाकं लावलेली उभी मांडणी केली, ओढली की बाहेर, ढकलली की आत. ओट्याच्या वर आढ्याला कड्या ठोकून कांदा-लसणाच्या टोपल्या टांगल्या, दोरीनं वर-खाली होणाऱ्या. आमच्या घरातल्या सगळ्यात कामाच्या गोष्टी याच दोन. दोन्ही मायच्या डोक्यातल्या.

पुढच्या खोलीकडं सुतार वळला तेव्हा ती परत म्हणाली, "माणूस कुठं आडवं व्हनार ते आधी ठरीव. मग डबेडुबे."

सुतार हसला. "मावशी, तुमी दुकान टाका. मी हाताखाली येतो."

मला ते आवडलं नाही. कागद मी काढले होते, मापं मी घेतली होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "माय, तू बस गं. हे कोपीतलं काम न्हाई." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची बांबूच्या तट्ट्यांची झोपडी, जिच्यात माणसाला ताठ उभं राहता येत नाही. तो शब्द मी हळू उच्चारला, सुताराला ऐकू जाऊ नये म्हणून. सिरसाळ्याकडच्या माणसाला कोपी काय असते हे मी सांगायची गरज नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पलंग झाला. खरंच चांगला झाला. दोन्ही बाजूंना हायड्रोलिकचे दांडे, पुढं कापडी पट्टा. पट्टा धरून जरा उचललं की फुस्स करत पलंग आपला आपण वर जायचा आणि त्याची खालची बाजू, सागवानी रंगाचं सनमायका लावलेली, समोर यायची. बघणाऱ्याला वाटावं कपाटच आहे. पलंग वर गेला की त्या जागेत मुलीचं टेबल भिंतीवरून खाली यायचं. टेबलाखाली चार स्टुलं, एकात एक. दाराच्या मागं इस्त्रीची फळी. दाराच्या वर पुस्तकांचा माळा. दहा बाय अकराची खोली एकदम रिकामी दिसायची, मुलीला दोरीवरच्या उड्या मारता येतील इतकी.

नियम मी केला होता: सकाळी सातला पलंग वर, रात्री नऊला खाली. रात्री त्यावर माय आणि मुलगी झोपायच्या, आम्ही दोघं स्वयंपाकघरात गादी टाकायचो. मायसाठीच पलंग केला, असं मी सगळ्यांना सांगायचो. दुपारच्या दोन तासांचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. मी ऑफिसात असायचो. दुपारी घरात काय होतं ते मी कधी बघितलं नव्हतं.

ऑफिसात मी फोटो दाखवले. आधीचा आणि नंतरचा. आमच्या मुख्य लिपिकांना सगळे साहेब म्हणतात, ते म्हणाले, "अरे, एकदा यायला पाहिजे बघायला." भौतिकशास्त्राचे एक सर नुकताच फ्लॅट घेत होते, ते म्हणाले, मीही येतो. रविवारी पाच वाजता ठरलं. साहेब, त्यांच्या मिसेस आणि सर. शनिवारी मी घर तीनदा झाडून घेतलं. रविवारी चार वाजता खारी आणि पेढे आणायला गेलो, तर परतीच्या वाटेवर गल्लीच्या तोंडाशीच साहेबांची गाडी. "लवकर निघालो, म्हटलं ऊन उतरलंय." मी त्यांना घेऊनच घरात शिरलो.

दार उघडलं. पलंग खाली होता आणि त्यावर माय झोपलेली होती.

उताणी नव्हती, कुशीवर होती. भिंतीकडं तोंड. कमरेवर गरम मिठाची पुरचुंडी. लुगडं पोटरीपर्यंत वर सरकलेलं. डोक्याखाली उशी नव्हती, हात होता. खोलीत मिठाचा आणि निलगिरीच्या तेलाचा वास. पलंगानं खोली भरून गेली होती, पाहुण्यांना उभं राहायला दाराजवळ फूट-दोन फूट जागा होती. आम्ही चौघं तिथं खेटून उभे.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो. मला राग आला. सात वाजताच वर केलेला पलंग खाली कुणी घेतला, याचा राग.

वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, हळूच म्हणाल्या, "झोपू द्या हो त्यांना. आम्ही आत बसतो."

"नाही नाही, उठतेच आहे ती," मी म्हणालो. मग मोठ्यानं, "आई, ऊठ जरा. साहेबांना दाखवायचंय."

जन्मात मी तिला आई म्हटलं नव्हतं. आमच्यात माय म्हणतात. त्या दिवशी आई म्हणालो.

मायनं मान वळवून बघितलं, माणसं दिसली तसा पदर ओढला. "उठते बाबा." पण ती उठते म्हणजे एकदम उठू शकत नाही. आधी कुशीवर वळायचं, मग एक कोपर टेकवायचं, मग पाय खाली सोडायचे, मग भिंतीला हात लावून थांबायचं, मग उभं राहायचं. याला वेळ लागतो. चार माणसं उभी राहून ते बघत होती. सर मोबाईलकडं बघायला लागले. साहेब म्हणाले, "सावकाश, आजी, सावकाश." मी पट्टा हातात धरून तयार होतो. ती पुरती बाजूलाही झाली नव्हती आणि मी पट्टा धरून उभा होतो.

ती भिंतीला सरकली. मी उचललं. फुस्स. पलंग वर गेला आणि त्यातून एकेक वस्तू खाली पडायला लागली. मिठाची पुरचुंडी फुटून मीठ पसरलं. मिशरीची पत्र्याची डबी वाजत वाजत कोपऱ्यात गेली. आणि एका फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, चटणी लावलेली, वहिनींच्या पायाशी येऊन पडली.

सर हसले. वाईट मनानं नव्हे. "हा पण एक कप्पाच का?"

मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. आणि म्हणालो, "कितीदा सांगितलं आईला, पलंगात काही ठेवायचं नाही म्हणून. गावाकडची सवय."

माय वाकली. वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं होतं, ती वाकून भाकरी उचलायला लागली. बायको आतून धावत आली, "आत्या, ऱ्हाऊ द्या, मी घेते." वहिनींनी स्वतः खाली बसून भाकरी उचलली आणि मायच्या हातात दिली. माय ती घेऊन आत गेली.

मी पुढं चालू. टेबल पाडून दाखवलं, स्टुलं काढून दाखवली, इस्त्रीची फळी दाखवली. स्वयंपाकघरात नेऊन फ्रिजशेजारची मांडणी ओढून दाखवली आणि टांगलेल्या टोपल्या खाली-वर करून दाखवल्या. साहेबांना त्याच सगळ्यात आवडल्या. "हे कुठून सुचलं तुम्हाला?"

"मोबाईलवर बघितलं, मग जरा डोकं लावलं," मी म्हणालो. माय ओट्याला टेकून चार फुटांवर उभी होती.

चहा झाला. पुढच्या खोलीत सगळे स्टुलांवर बसलेले. वहिनींनी विचारलं, "आई तुमच्याजवळच असतात का?"

साधा प्रश्न होता. आधी मी 'मायसाठीच पलंग केला' असं सगळ्यांना सांगत आलो होतो, तेच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग दिवसा त्या कुठं झोपतात? त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शिवाय ते लुगडं, ती मिशरी, ती फडक्यातली भाकरी, हे माझ्या घरात कायमचं आहे असं त्यांना वाटू नये, असंही मनात होतं. दोन्ही होतं. मी म्हणालो, "नाही नाही. तपासायला आल्यात. जातील परत."

बायको कपबशा उचलत होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडं बघून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठलो तर माय आंघोळ करून तयार. पिशवी बांधलेली. गोधडीची गुंडाळी करून तिला लुगड्याच्या काठाची पट्टी आवळलेली, मधे एक गाठ, दोन्ही टोकांना एकेक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड भरताना ती अशीच बांधायची. गाठ सुटायची नाही.

"कावून गं, कुठं चाललीस?"

"घर बंद हाय लई दिवस. उंदरं नाचत असतील. कोंबड्या बी बघाव्या म्हन्ते."

"कोंबड्या तर दिल्यास की."

"दिल्या तरी बघाया काय झालं."

मी राहा म्हणालो नाही. हे मला सगळ्यात कठीण जातंय लिहायला. मी म्हणालो, "डॉक्टरच्या तारखेला ये मग." ती म्हणाली, "बघू." मोटारसायकलवर तिला जीपच्या थांब्यावर नेलं, ड्रायव्हरला सांगितलं की म्हातारीला पुढं बसव, कंबर दुखती. जीप भरेपर्यंत मी थांबलो सुद्धा नाही, ऑफिसची वेळ होत होती. परत येताना मला हलकं वाटलं. खरं सांगतो, हलकं वाटलं.

घरी आलो तर बायको भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुमी काल काय म्हणले ते आत ऐकू आलं. त्यास्नी बी आलं."

"काय म्हणलो?"

"दहा फुटाची खोली हाय. त्याला काय कान लावावा लागतो? सगळ्याला कप्पे केले तुमी, बोलन्याला एक करायचा व्हता."

मी म्हणालो, "तूच पलंग खाली घेतला होता ना दुपारी? ते केलं नसतं तर हे झालंच नसतं." तेव्हा तिनं तवा उतरवला आणि सगळं सांगितलं. पलंग झाल्यावर पहिले आठ दिवस माय दुपारी स्वयंपाकघरात फ्रिज आणि ओट्याच्या मधे जमिनीवर पडायची. एकदा तिला उठताच येईना, शेजारची बाई बोलवावी लागली. तेव्हापासून दोघींनी ठरवलं, मी ऑफिसला गेलो, किंवा रविवारी बाहेर पडलो, की पलंग खाली, मी यायच्या आत वर. मुलीलाही बजावलं होतं, पप्पांना सांगायचं नाही. अर्धी भाकरी कशाची, तर मायला चार वाजता गोळी असायची आणि ती रिकाम्या पोटी घ्यायची नव्हती. परत परत उठायला नको म्हणून ती उशाशी ठेवायची. माझ्या घरात माझी माय चोरून झोपत होती. आणि माझी नऊ वर्षांची मुलगी पहाऱ्यावर होती.

ऑफिसात त्या दिवशी माझं लक्ष लागलं नाही. एक जुनी गोष्ट सारखी डोक्यात येत राहिली. मी सात-आठ वर्षांचा असताना उसाच्या फडावर मला ताप भरला होता. आम्ही सगळे कोपीत. कोपी म्हणजे दोन पावलांत संपणारी जागा. चूल, पेटी, पिठाचा डबा, पाण्याचा हंडा, वर दोरीवर कपडे, तट्ट्यात खोचलेला आरसा, कोयते. मुकादमानं सांगितलं, इथला ऊस संपला, उद्या सकाळी पुढच्या गावाला हलायचं. सकाळी सगळ्या टोळीनं कोप्या मोडल्या, ट्रॉल्या भरल्या. मायनं आमची कोपी मोडली नाही. मी आत झोपलेलो. वडील बाहेरून म्हणत होते, मुकादम बोंबलतोय. ती म्हणाली, बोंबलू दे, लेकरू निजलंय. तिनं आतलं सगळं सामान माझ्या अंगावरून, माझ्या बाजूनं, मला न हलवता एकेक करून बाहेर काढलं. पेटी काढली, हंडा काढला, दोरी सोडली. शेवटी नुसती तट्टी उभी आणि आत मी गोधडीवर. मी जागा झाल्यावरच तिनं तट्टी उपटली. सगळ्या टोळीला आमच्यासाठी थांबावं लागलं आणि मुकादमानं तिला सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. आधीचं वडिलांनी नंतर सांगितलं, पण शिव्या मला स्वच्छ आठवतात, कारण त्या ऐकूनच मी जागा झालो होतो.

एवढं आठवूनही मी लगेच गेलो नाही. पंधरा दिवस घालवले. परीक्षेचे फॉर्म होते, हे कारण. खरं कारण, काय तोंडानं जाऊ. पंधरा दिवसांनी रविवारी एस.टी.नं वस्तीवर गेलो. घरकुलाचं दार सताड उघडं होतं. माय बाजेवर उताणी पडलेली, दुपारचे दोन वाजलेले. खोली आमच्या पुढच्या खोलीएवढीच. बाज मधोमध, दारातून वारा येईल अशी, आणि बाकी सगळं तिच्या कडेकडेनं. हात लांबवला की पाण्याचा तांब्या, हात लांबवला की गोळ्या. कुठली मोजपट्टी लावली नव्हती आणि कुठं काही अडत नव्हतं.

मी पेटीवर बसलो. इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "माय, चल घरी. पलंग आता वर करनार न्हाई. खालीच ठिवतो, दिवसभर."

"आन पाव्हणे आले म्हंजी?"

"बसतील स्टुलावर."

"आन त्यास्नी काय सांगशील, मी कोन हाय?"

"माय हाय म्हणून सांगीन. दुसरं काय?"

"माय हाय हे तर त्यास्नी कळलंच की," ती छताकडं बघत म्हणाली. "ऱ्हाती का जाती, ते तू उलटं सांगितलंस. मी कुनाच्या घरात लपून ऱ्हानार न्हाई, बाबा. कोपीत ऱ्हायले, पर लपून न्हाई ऱ्हायले."

ती म्हणाली, "आधी त्यास्नी सांग. मग ये न्यायला." आणि मग, आवाज तोच ठेवून, "चुलीपाशी भाकरी हाय, खा. उपाशी आला असशील."

साहेबांना सांगायला मला आणखी दहा दिवस लागले. रोज ठरवायचो, रोज फाइल देऊन परत यायचो. दहाव्या दिवशी ते सह्या करत असताना म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो."

त्यांनी पेन थांबवला. "कशाबद्दल?" त्यांना काहीच आठवत नव्हतं.

"आई तपासायला आल्यात म्हणालो. तसं नाही. मी तिला राहायलाच आणलं होतं. तुमच्यासमोर... मला ते बरं वाटलं नाही, म्हणून तसं बोललो." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही बोलून टाकलं, "माझे आई-वडील ऊसतोड करायचे. शेती म्हणतो मी, पण ऊसतोड."

साहेब म्हणाले, "ते माहीत आहे की. त्यात काय?" आणि पुढची सही केली. मी वळलो तेव्हा मागून म्हणाले, "ही बोलली होती मला, त्या दिवशी घरी जाताना. त्यांना उठवायला नको होतं म्हणाली. मला पण वाटलं तसं. पण तुमचा उत्साह होता, म्हणून बोललो नाही."

म्हणजे मी जे झाकत होतो ते कुणाला खुपलं नव्हतं, आणि जे मिरवत दाखवलं ते बघून तिघं मान खाली घालून गेले होते. मी जागेवर येऊन बसलो.

मग मायला आणलं. त्याआधी सुताराला बोलवून दोन्ही दांडे काढले आणि पलंगाला चार पाय ठोकले. सुतार म्हणाला, "चांगलं चाललेलं मोडताय, सर?" मी म्हणालो, मोडतोय. आता खोलीत शिरताना दार पुरतं उघडत नाही, पलंगाला अडतं. मुलीचं टेबल खाली येत नाही, ती आजीच्या पायापाशी मांडी घालून अभ्यास करते. स्टुलं दोनच काढता येतात, तिसरा पाहुणा पलंगाच्या कडेवर बसतो. नडगीला परत लागायला लागलंय. फोटो काढण्यासारखं आता तिथं काही नाही.

माय दुपारी झोपते, दार उघडं ठेवून झोपते. पण एक गोष्ट आहे. दर दोन-चार दिवसांनी ती मला विचारते, "डाक्टरची तारीख कवाची हाय?" मी सांगतो. ती विसरते म्हणून विचारते, की तारीख झाली म्हणजे जायचं असं धरून विचारते, हे मला कळत नाही. विचारायचं धाडस होत नाही. म्हणून तारीख सांगितली की मी पुढं जोडतो, "त्याच्यानंतर बी इथंच ऱ्हायचंय, माय."

ती कुशीवर वळते. म्हणते, "ऐकलं."